घर दाखवायचा व्हिडिओ: पॅकेज घेतलं, सोडलं, मग स्वतःच फोन उचलला

मी घरं विकून देते. एकटीच. ऑफिस म्हणजे एक टेबल, एक फोन आणि एक गाडी. त्यात सगळ्यात जास्त राबते ती गाडी. किल्ली घ्यायची, घर गाठायचं, खिडक्या उघडून कोंदट वास घालवायचा, दिवे लावायचे आणि पार्टीची वाट बघत उभं राहायचं. पार्टी येते, उंबऱ्यातूनच मान आत घालते आणि म्हणते, "अच्छा, असं आहे होय." या "असं आहे होय"चा अर्थ मला धंद्यातल्या पहिल्याच वर्षी कळला. तरी सगळ्या खोल्या दाखवायच्या, कारण आता आलोच आहोत तर. पाचव्या मिनिटाला सगळे खाली. खिडक्या बंद, दिवे बंद, कुलूप, परतीचा रस्ता.

हे मी २००६ पासून करते आहे. यूट्यूब त्याच्या आदल्याच वर्षी सुरू झालं होतं, पण घराचा व्हिडिओ काढून तिथे टाकावा हे सुचायला मला फार वर्षं लागली. सुचलं तेही गाडीमुळे. टायर बदलायला गेले तर मेकॅनिक चाकाकडे बघून म्हणाला, "मॅडम, गाडी भाड्यानं चालवता का?"

त्या रात्री डायरी काढून बसले. मी प्रत्येक फेरीचे किलोमीटर आणि शेजारी पार्टीनं काय सांगितलं ते लिहून ठेवते. वाचत गेले तशी लाज वाटायला लागली. लिफ्ट नाही. स्वयंपाकघराला खिडकी नाही. दुसरी खोली म्हणजे खरं तर पहिल्या खोलीचाच कोपरा. यातलं काहीही समजायला माणसानं तिथे जायची गरज नव्हती, आणि मी जायची तर नव्हतीच नव्हती. नकार ऐकायला मी पेट्रोल जाळत होते.

म्हणून पॅकेज घेतलं. घरांचे व्हिडिओ करून देणारी कंपनी, सहा महिन्यांचा करार, ठरावीक घरं. नाव लिहीत नाही. माणसं सज्जन होती आणि आपल्या परीनं काम चोख करायची. पहिलं घर दिलं ते एका काकांचं, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, तिसरा मजला. दोन मुलं आली, सोबत दोन दिवे, तीन बॅगा आणि एक कृत्रिम फुलांची कुंडी. चार तास चित्रीकरण. जुनी खुर्ची जिन्यात गेली, कॅलेंडर उतरलं, कुंडी प्रत्येक खोलीत फिरली. तयार व्हिडिओ एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंदांचा. मागे पियानो. आकाशातून सुरुवात, पडदा हळूच हलतोय, कॅमेरा हवेत तरंगत बैठकीच्या खोलीत शिरतोय. खोली अशी दिसत होती की तिथे जाळी बांधून बॅडमिंटन खेळावं. काकांनी दोनदा बघितला आणि मला विचारलं, "ताई, हे आपलंच ना?"

फोन खूप आले. इतके की मी कंपनीला आभाराचा मेसेजही पाठवला. मग फेऱ्या सुरू झाल्या. त्या एका घराला सतरा. आधी माझ्याकडे साधारण अशा घराला नऊ-दहा व्हायच्या. चौदावी की पंधरावी फेरी असेल, नवरा-बायको आले. नवऱ्यानं व्हिडिओ बेडरूमवर थांबवून आणला होता. फोन डोळ्यांसमोर धरून तो एकदा पडद्याकडे, एकदा भिंतीकडे बघायचा. शेवटी अगदी नम्रपणे म्हणाला, "मॅडम, ही तीच खोली ना?" बायको तोंडावर रुमाल धरून खिडकीकडे वळली. मला वाटतं हसत होती.

चूक लेन्सची होती, आणि ती समजून घेण्यासारखी आहे, कारण तीच लेन्स आता बऱ्याच जणांच्या फोनमध्ये असते. कॅमेऱ्यात ०.५ लिहिलेलं बटण असतं ना, तेच. त्या लेन्सचा हिशेब साधारण १३ मिलिमीटरचा धरतात, आणि १ लिहिलेल्या नेहमीच्या लेन्सचा २४ ते २६चा; आकडा जितका लहान, तितकं जास्त चित्रात मावतं. एकाच जागी उभं राहून ०.५ दाबलं की समोरची भिंत चित्रात निम्मी होते. डोळा मात्र भिंत लहान झाली असं समजत नाही, ती दुप्पट लांब गेली असं समजतो. कोपऱ्यात पाठ टेकवून उभं राहायला जागा नसते तिथे ही लेन्स उपयोगी पडते, न्हाणीघरात तर तिच्याशिवाय चालत नाही. पण सगळं घर तिच्यातून दाखवलं की माणूस एक घर बघून येतो आणि दुसऱ्यात शिरतो. आलेली पार्टी नाराज झाली नाही, तिला फसल्यासारखं वाटलं. या दोन्हींत फरक आहे. नाराज पार्टीला पुढचं घर दाखवता येतं.

करार संपेपर्यंत आणखी चार घरं तशीच झाली. पाचही व्हिडिओ देखणे, पाचही वेळा किलोमीटर वाढलेले. मी त्यांना म्हटलं, मोरीचा नळ दाखवा, जिना दाखवा. मुलगा म्हणाला, "मॅडम, जिना कोण बघतं?" गुडघे दुखणारा प्रत्येक माणूस बघतो, बाळा.

मग भाच्याचा जिंबल मागून घेतला. जिंबल म्हणजे फोन धरायचा दांडा, ज्यात तीन छोट्या मोटारी असतात आणि हात कितीही डुगडुगला तरी फोन सरळ राहतो. मला वाटलं, आता मीही तरंगणार. पहिला व्हिडिओ बघून भाचा म्हणाला, "मावशी, बोटीतून काढलास का?" झालं असं की त्या मोटारी फोनचं डोलणं, वळणं, कलणं तेवढं सावरतात. चालताना आपण प्रत्येक पावलाला वर-खाली होतो, ते त्यांच्या हातात नसतं. त्यासाठी गुडघे थोडे वाकवून, टाच आधी टेकवून, पाण्यानं भरलेलं पातेलं नेताना चालतो तसं चालावं लागतं. पन्नाशीनंतर हा व्यायाम मी मुद्दाम केला नसता. पण दोन-तीन घरांत जमलं. खरं सांगायचं तर जिंबल नसला तरी चालतं. प्रत्येक खोलीत दारात उभं राहून फोन दोन्ही हातांनी धरला, कोपर बरगड्यांना टेकवली आणि कंबरेतून सावकाश वळलं तरी काम होतं. फक्त सावकाश. आपल्याला कंटाळा येईल इतकं सावकाश.

दिव्यांनी मला एक पूर्ण दिवस खाल्ला. घरी येऊन बघते तर स्वयंपाकघराच्या भिंतीवर काळसर पट्टे सरकताहेत. जिथे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० हेलकाव्यांची असते तिथे साधा एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होऊ शकतो. डोळ्याला पत्ता लागत नाही, कॅमेऱ्याला लागतो. फोनमध्ये शटर, म्हणजे एकेका चित्रासाठी कॅमेरा किती वेळ उजेड घेतो ते, सेकंदाचा पन्नासावा किंवा शंभरावा भाग आणि व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचा (चित्रांचा) ठेवला की पट्टे जातात. ६० हर्ट्झची वीज असेल तर हाच हिशेब साठाव्या किंवा एकशेविसाव्या भागाचा आणि ३० फ्रेमचा. नेहमीच्या कॅमेरा अ‍ॅपमध्ये शटर हातात येत नसेल तर वेगळं अ‍ॅप घ्यावं लागतं. हे जमेना तर सरळ दिवसा, दिवे बंद ठेवून काढा. उजेड कमी वाटला तर तो घरात खरंच कमी आहे, आणि तेही घेणाऱ्याला कळायला हवंच की. पडद्यावर बोट दाबून धरलं की उजेड एका जागी कुलूपबंद होतो, हे मात्र शिकून घ्या. नाहीतर खिडकीकडे वळलात की खोली काळीकुट्ट, खोलीकडे वळलात की खिडकी पांढरी फटक.

आता माझा व्हिडिओ कसा असतो ते सांगते. गाडी लावायच्या जागेपासून सुरू. तिथून दारापर्यंत जितका वेळ लागतो तितका, कापाकापी नाही, जिन्याच्या पायऱ्या मी तोंडानं मोजते. माझी धाप ऐकू येते. येऊ दे. आत गेल्यावर प्रत्येक खोलीत मेजपट्टी जमिनीवर उलगडून ठेवते, आकडा वाचता येईल इतका फोन जवळ नेते आणि मग वर उचलते. लेन्स १ चीच. कपाटाची दारं पूर्ण उघडते, कारण अर्ध्या घरांत ती पलंगाला अडतात. नळ सोडते आणि दहा सेकंद बघत राहते. एक खिडकी उघडून तीस सेकंद गप्प उभी राहते. आणि शेवटी गोटी. एका पार्टीनं विचारलं होतं, फरशीला उतार आहे का. मला शब्दांत सांगता येईना, म्हणून शेजारच्या पोराकडून एक काचेची गोटी घेतली आणि खोलीच्या मध्यावर सोडली. ती क्षणभर थांबली, मग निवांत बाल्कनीच्या दाराकडे निघाली आणि उंबऱ्याला टक्कन आपटली. तेव्हापासून गोटी माझ्या पर्समध्ये असते. आठ मिनिटांच्या अख्ख्या व्हिडिओत लोकांना आठवते ती गोटी.

आठ-नऊ मिनिटं म्हणजे लांबच. म्हणून यूट्यूबवर भाग पाडून देते: खालच्या माहितीत वेळ आणि शेजारी खोलीचं नाव लिहायचं. पहिली नोंद ०:०० ची हवी, नोंदी निदान तीन हव्यात आणि एकेक भाग निदान दहा सेकंदांचा, म्हणजे पट्टीवर आपोआप तुकडे दिसतात. ज्याला न्हाणीघरच बघायचंय तो तिथेच उडी मारतो. मेसेजवर थेट व्हिडिओ पाठवणं मी सोडलं. तो वाटेत दाबला जातो आणि मेजपट्टीवरचे आकडे वाचता येत नाहीत. लिंक पाठवावी.

पण काकांचं घर अजून विकायचंच होतं. तिथे मी नवा व्हिडिओ काढला, त्यात बेडरूमच्या कोपऱ्यातली ओल जवळून दाखवली. काकांचा फोन अर्ध्या तासात.

"ताई, ओल कशाला दाखवताय? मी रंग मारून घेतो की."

"रंगाखालून ती परत येईल, काका. आणि बघायला आलेला माणूस भिंतीला हात लावतोच."

"अहो, आधी येऊ तर दे माणूस!"

"आधी सतरा जण येऊन गेले ना."

पलीकडे बराच वेळ नुसतं श्वासाचं येणं-जाणं. मग म्हणाले, बघा तुम्हाला काय करायचं ते, आणि फोन ठेवला. त्यांचा राग मला समजतो. मालकाला वाटतं, व्हिडिओचं काम माणसं आणणं. नव्या व्हिडिओनंतर दोन आठवडे कोणीच आलं नाही, तेव्हा मलाही झोप लागत नव्हती. लिंक लोक उघडत होते, आकडा वाढत होता, फोन मात्र नाही. त्यानंतर तीन पार्ट्या आल्या. तिघांनीही जिन्याचं नाव काढलं नाही, खोली लहान म्हटलं नाही. सरळ कोपऱ्यातल्या ओलीपाशी गेले. दुसऱ्यानं सोबत प्लंबर आणला होता, त्यानं वरच्या मजल्याचा गळका पाइप शोधून काढला. व्यवहार तिसऱ्याशी झाला. माझ्या डायरीत त्या दुसऱ्या डावाच्या फेऱ्या पाच, त्यातली एक किल्ली विसरले म्हणून.

सगळं इतकं गोड नाही. व्हिडिओ कॉलवर मी चांगली तोंडावर पडले. परगावचे गृहस्थ होते, प्रवास टाळायचा होता, मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही घरात उभ्या राहा, मी इथून बघतो." कल्पना उत्तम. त्यांना झोप सावध, म्हणून रस्त्याच्या आवाजाची भीती. मी खिडकी सताड उघडली, खाली बस, दुचाक्या, सगळा गोंगाट. "येतोय का आवाज?" "अजिबात नाही हो, फारच शांत आहे!" मला तेव्हाच शंका यायला हवी होती. कॉल करायची अ‍ॅप्स बोलणाऱ्याचा आवाज ठेवतात आणि मागची घरघर पुसून टाकतात. बोलायला ते बरं, घर बघायला घातक. गृहस्थ चार तास प्रवास करून आले, बाल्कनीत उभे राहिले आणि माझ्याकडे असे बघायला लागले की मी रस्ता खिशात लपवून ठेवला होता. माफी मागितली. आता आवाजासाठी वेगळा व्हिडिओ, सकाळी एक आणि रात्री एक, आणि सुरुवातीला खिडकी बंद ठेवून नेहमीच्या आवाजात दोन वाक्यं बोलते. नुसत्या गोंगाटावरून तो किती मोठा ते ठरवता येत नाही, फोन आपल्या मनानं आवाज चढवतो-उतरवतो. माझ्या बोलण्याशी तुलना करता येते. तरीही कॉल मी सोडलेला नाही. व्हिडिओ बघून झालेल्या माणसाला दोनच प्रश्न उरलेले असतात, आणि "त्या खिळ्याच्या वर जरा न्या फोन" असं सांगायची सोय कॉलमध्येच आहे.

त्रिमितीचाही प्रयोग एकदा केला. मॅटरपोर्ट ही २०११ मध्ये सुरू झालेली कंपनी त्यातलं मोठं नाव. कॅमेरा तिपाईवर ठेवायचा, तो फिरून सगळीकडचं टिपतो, मग तिपाई दोन-अडीच मीटर पुढे, पुन्हा तेच. शेवटी सगळं घर बाहुलीघरासारखं वरून बघता येतं आणि आत मनाला येईल तिकडे फिरता येतं. मोठ्या, वेड्यावाकड्या, तीन पातळ्यांवर पसरलेल्या घराला याला तोड नाही. कुठली खोली कुठे उघडते ते व्हिडिओत कळत नाही, इथे कळतं. पण दोन खोल्यांच्या घराला तो सोपस्कार जड होतो. आणि माझ्या वयस्कर पार्ट्या त्यात फिरता फिरता छताकडे बघत अडकतात. त्यांना हात धरून नेणारा व्हिडिओच बरा वाटतो.

लिंक उघड्यावर टाकायची की नाही, यावर माझं मत ठाम आहे: राहतं घर असेल तर नाही. यूट्यूबवर 'अनलिस्टेड' ठेवला की शोधून सापडत नाही, ज्याच्याकडे लिंक त्यालाच दिसतो. अर्थात तो पुढे कुणालाही पाठवू शकतो, हे मालकाला आधीच सांगते. चित्रीकरणाआधी औषधांच्या बाटल्या, बँकेची पत्रं, मुलांचे फोटो, तिजोरीचं कपाट, सगळं नजरेआड. आणि किल्ली कधीही कॅमेऱ्यासमोर धरायची नाही. सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये लांबून काढलेल्या फोटोवरून किल्लीचे खाचखळगे मोजून नवी किल्ली बनवता येते हे करून दाखवलं होतं. मी आधी कौतुकानं किल्ली कुलपात घालतानाचं दृश्य घ्यायचे. सगळे जुने व्हिडिओ काढून टाकले.

वास दाखवता येत नाही. एका घरात शेजारच्या कारखान्याचा रासायनिक वास ठरावीक वेळी यायचा. मी व्हिडिओत बोलून सांगितला, तरी नाकानं घेतल्याशिवाय माणसाला पटत नाही. शेजारी कसे आहेत, संध्याकाळी जिन्यात कोण बसतं, हेही नाही. शेवटची भेट घरातच होते आणि व्हायलाच हवी. मला पहिल्या सहा टाळायच्या होत्या, त्यातल्या बहुतेक टळल्या. आता आठवड्यातले दोन दिवस गाडी जागची हलत नाही.

कंपनीचं पॅकेज मग घ्यावं का? रिकामं, नवं कोरं, मोठं घर असेल आणि लांबलांबच्या लोकांपर्यंत नुसतं नाव पोचवायचं असेल तर घ्या. देखणेपणाचं काम ते करतात. पण त्यांच्याकडून लिहून घ्या की खोल्या ०.५ च्या लेन्सनं दाखवणार नाहीत. करार संपताना मी त्यांना फोनवर ही अट सांगितली तर पलीकडचा मुलगा म्हणाला, "मग मॅडम, त्यात आमचं काय राहिलं?" करार पुढे वाढवला नाही. जिंबल भाच्याला परत केला आणि साधासा स्वतःचा घेतला.

तोही सध्या माझ्याकडे नाही. काकांचं गावाकडचं घरही आता माझ्याकडेच विकायला आलंय, तिथे जायचं म्हणजे अख्खा दिवस. म्हटलं, काका, तुम्ही तिथेच आहात तर तुम्हीच काढा. फोनवर सगळं समजावलं, गोटीसुद्धा. पहिल्या व्हिडिओत घर थोडं आणि काकांचा अंगठाच जास्त होता. दुसऱ्यात त्यांनी न सांगता गच्चीवरच्या तड्यापाशी फोन नेला आणि तिथे मेजपट्टी लावली.